टाचेखालचा गारवा

१

चीनच्या वाळवंटातल्या तुर्फानच्या उन्हाळ्यात माणसं वाळूपासून लांब पळतात आणि सावुतकडे मात्र लांबलांबून माणसं वाळूत गाडून घ्यायला येत. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाला थंडी हाडात शिरल्याची तक्रार. सावुत त्यांना कमरेपर्यंत तापलेल्या वाळूत पुरायचा आणि वर छत्री रोवायचा. त्याच्या बापानेही हेच केलं होतं.

उजाडताच तो खड्डे खणायचा. दिवसभर ते उन्हात उघडे पडू द्यायचे, तळ नीट भाजू द्यायचा. दुपारी घरच्या तळघरात एक झोप काढून तो पाचच्या सुमारास परत येई, तेव्हा वाळू अशी तापलेली असे की त्यात पुरलेलं अंडं पंधरा मिनिटांत सोलून खावं. ताप किती आहे ते तो तळहाताच्या मागच्या बाजूने बघायचा. एका डॉक्टरने दिलेला थर्मामीटर घरात होता, पण तो खुंटीला शोभेला.

नियम तीनच होते. बाहेर आल्यावर अंगाला रजई गुंडाळायची. गार पाणी आणि वारा तीन दिवस वर्ज्य, प्यायचं ते मिरी घातलेलं मटणाचं गरम सूप. आणि संध्याकाळी सगळे खड्डे बुजवून वाळू खालवर करायची. एकाचं दुखणं प्यायलेली वाळू दुसऱ्याला द्यायची नाही, त्यालाही परत द्यायची नाही. या तिसऱ्या नियमाचं कारण बापाने सांगितलं नव्हतं आणि सावुतने विचारलं नव्हतं. त्या घरात बापाला कारणं विचारायची पद्धत नव्हती.

सूप करायची ती त्याची बायको, हेल्चेम. वाळूच्या कडेला ताडपत्री बांधलेली, तिच्याखाली तिची चूल, मोठं पातेलं आणि अखंड बडबड. सव्वीस वर्षं तिने वाळूत पायाचा अंगठासुद्धा घातला नव्हता. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "यांना जगाला गाडू दे. मला एकदाच गाडायचंय, ते शेवटी."

पण गेल्या हिवाळ्यात पाटाच्या बर्फासारख्या पाण्यात लोकर धुवून धुवून तिचे गुडघे गेले. चुलीपुढून उठायला ताडपत्रीचा खांब धरावा लागू लागला. एके सकाळी सावुतने अंगणात पाहिलं, तर ती झोपायच्या ओट्यावरून बसत बसत, लहान मुलासारखी एकेक पायरी उतरत होती आणि मधूनच बाहीने डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी त्याने एक खड्डा जास्त खणला.

"बस," तो म्हणाला.

"अगदीच गळ्यात पडताय म्हणून बसते," हेल्चेम म्हणाली आणि खरंच बसली.

हजारो पाय त्याने गाडले असतील. बायकोचे पाय हातात घेताना मात्र त्याला उगाच लाजल्यासारखं झालं. टाचांना भेगा पडल्या होत्या, घोट्याजवळची एक जुनी खूण तो विसरूनच गेला होता. तो हळूहळू वाळू लोटत गेला. डाव्या टाचेखालची वाळू सारखी करायला त्याने हात आत सरकवला आणि त्याच्या हाताला गार लागलं.

कमी गरम नव्हे, गार. वीतभर जागा, विहिरीत सोडून ठेवलेल्या कलिंगडाच्या सालीसारखी. त्याने वाळू चिमटीत घेतली. कोरडी ठणठणीत होती, बोटांतून सुळसुळ गळली. जमिनीखालचा पाण्याचा पाट गावाच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा पाझर म्हणावा तर तेही नाही. चाळीस वर्षं भाजून हात बधिर झालेत, दुसरं काय, असं स्वतःला सांगून तो उठला.

२

पलीकडच्या खड्ड्यात हुदाबेर्दी होता. हा उरुम्ची शहरातला ट्रक ड्रायव्हर. तीस वर्षं स्टिअरिंगमागे बसून कंबर आखडलेली, पोट मात्र मोकळं सुटलेलं. त्याला गाडायला नेहमीच्या दुप्पट वाळू लागायची आणि तेवढा वेळ त्याचं तोंड चालू असायचं.

"सावुतदादा, वहिनींना गाडलंत अखेर! सव्वीस वर्षं थांबलात म्हणजे तुमच्या सहनशक्तीला मानलं पाहिजे."

"तुझं तोंड गाडायची सोय नाही, हेच या धंद्यातलं मोठं दुःख," सावुत म्हणाला.

वेळ झाल्यावर त्याने हेल्चेमला बाहेर काढलं, रजईत गुंडाळलं, तिचंच सूप तिला पाजलं. ती उठली. खांब न धरता उठली आणि गाढवगाडीपर्यंत आपली आपण चालत गेली. सावुत नुसता बघत राहिला.

घरी जाताना ती म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे हो. लोक उगाच येत नाहीत. तळवे काय छान चेपलेत!"

"मी कुठे चेपले? मी तिकडे त्या हत्तीला पुरत होतो."

"चेष्टा करू नका. किती वेळ चेपत होतात. एकेक बोट वेगळं करून."

सावुतने गाढवाला उगाच हाकारा दिला. वाळू बसताना थोडी सरकते, पायाला दाबल्यासारखं होतं. नवख्याला तसं वाटतं. त्याने तिला तसं सांगितलंही.

"असेल," हेल्चेम म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "उद्या तोच खड्डा द्या मला. बुजवू नका."

"तसं करत नाहीत."

"का करत नाहीत?"

त्याला कारण माहीत नव्हतं. आणि ज्या बाईने सव्वीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, ती गुडघे मुडपून, पाय पोटाशी घेऊन, लग्नात आली होती तशी गाडीत बसली होती. तिला घरी सोडून सावुत परत गेला, बुजवायचे ते बाकीचे खड्डे बुजवले, आणि तिच्या खड्ड्यावर गोणपाट टाकून चार दगड ठेवले.

३

पुढचे आठ-दहा दिवस सावुतच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. पारा सत्तेचाळीसला टेकला होता, कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीला चिकटून बसत होत्या, आणि हेल्चेम शिडी चढून गच्चीवर जर्दाळू वाळत घालत होती. गुणगुणत होती. शेजारच्या लग्नात ती नाचली, आणि घरी येऊन सावुतला म्हणाली, "तुम्ही म्हातारे झालात, मी नाही."

दुपारी दोघं तळघरात झोपत. खालीही उकडायचंच, फक्त जरा कमी. पण हल्ली हेल्चेमचे पाय गार असत. पहिल्या दिवशी सावुतचा पाय चुकून लागला आणि त्याने तो तिथेच राहू दिला. काय गारवा होता तो! चाळीस उन्हाळ्यांत त्याला अशी झोप लागली नव्हती. मग तो रोज आपले भाजलेले तळवे तिच्या पावलांना टेकवून झोपू लागला. "आयता माठ मिळालाय तुम्हाला," ती झोपेत पुटपुटायची.

आपण हे आवडीने घेत होतो, याची नंतर त्याला फार लाज वाटली.

एका दुपारी त्याला लवकर जाग आली. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी तिच्या पायांवर पडली होती. त्याने सहज तिच्या पावलावर हात ठेवला, मग घोट्यावर, मग पोटरीवर. गारवा गुडघ्याच्या वर गेला होता. कुठे संपतो ते हाताला नीट कळत होतं. मांडीच्या मध्यावर रेघ आखल्यासारखी सीमा होती, तिच्यावर घामाने चिकट, उबदार कातडी, खाली कोरडी, गार. सावुतने दोन बोटं त्या सीमेवर ठेवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

म्हातारपणी रक्त मंद होतं. सूप कमी पित असेल. ऊन मानवलं नसेल. कारणं त्याला भराभर सुचत गेली, आणि एकही पटेना.

त्या संध्याकाळी हेल्चेम त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तापल्या वाळूतून, अनवाणी. घाई न करता, अंगणातून चालावं तशी. हुदाबेर्दीचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. त्याने सावुतकडे पाहिलं, सावुतने दुसरीकडे पाहिलं.

४

दुसऱ्या दिवशी हेल्चेमला यायला उशीर झाला. नान भाजायचे होते. हुदाबेर्दी आला तेव्हा सावुत मागच्या टेकडीआड छत्र्या आणायला गेला होता. तयार, रिकामा खड्डा बघून हुदाबेर्दीने गोणपाट बाजूला केलं आणि बसून घेतलं. वाळू स्वतःच ओढून घेतली.

सावुत परत आला तेव्हा तो गप्प बसलेला होता. ही गोष्टच आधी विचित्र वाटली.

"हुदाबेर्दी, तो तुझा नाही. ऊठ."

"हळू बोला," हुदाबेर्दी म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "ते चाचपतंय."

"काय चाचपतंय?"

हुदाबेर्दीने जोरात श्वास सोडला, दोन्ही हात टेकून स्वतःला उपसून काढलं आणि रजईबिजई न घेता उघड्या वाऱ्यात उभा राहिला. त्याची पोटरी सावुतने पाहिली. काही खूण नव्हती.

"आंधळं माणूस चेहरा चाचपतं ना, तसं," तो म्हणाला. "आधी टाच, मग घोटा. मग जरा थांबलं. मग सोडून दिलं, दादा. त्याला हवा तो मी नव्हे हे कळल्यासारखं."

"ऊन लागलंय तुला."

"लागलं असेल. देव करो आणि ऊनच असो." त्याने बूट घातले. "वहिनी कुठे आहेत?"

तो त्याच संध्याकाळच्या बसने गेला. पुढे चार दिवसांचे उपचार बाकी होते.

सावुतने तो खड्डा खणला. आधी फावड्याने, मग हातांनी. कमरेइतका खोल गेला, छातीइतका खोल गेला. वाळूच वाळू. वरून गरम, खाली कोमट, अगदी तळाला किंचित दमट. कडा ढासळून सारख्या आत येत होत्या. कुणाचं काही नव्हतं. पण वर येऊन त्याने कपडे झटकले तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ खणून आपल्याला घाम आलेला नाही.

५

"उद्यापासून वाळू बंद," तो रात्रीच्या जेवणाआधी म्हणाला.

हेल्चेम शेवया ताणत होती. तिचे हात थांबले नाहीत. "वा! जगाला सांगत फिरता, वाळूसारखं औषध नाही. बायकोला गुण आला तर तुमच्या पोटात दुखायला लागलं?"

"तुझे पाय बघ. मांडीपर्यंत बर्फ झालाय."

"बरगडीपर्यंत," हेल्चेम म्हणाली.

तिने शेवया ताटात ठेवल्या, पिठाचे हात पुसले आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"रागावू नका. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तो तुमचा हात नव्हता. तुमचा हात काय मी ओळखत नाही?"

"मग गेलीस कशाला पुन्हा?"

"आधी गुडघ्यांसाठी गेले. खोटं कशाला बोलू. नंतर त्याच्यासाठी. अहो, त्याला फार थंडी वाजते. इतकं कुडकुडतं, की माझे पाय धरले तरी किती वेळ थरथर थांबत नाही. मग हळूहळू थांबते. आपली मुलगी लहानपणी तापात अशी पोटऱ्यांना बिलगायची, आठवतं? तसं वाटतं. आपल्याकडे उन्हाचा नुसता उकिरडा झालाय, कुणी नेलं तर बरंच. थोडं दिलं मी, काय बिघडलं?"

"ते ऊन नाही नेत, हेल्चेम. ते तुला नेतंय."

"मला समजतं हो." तिने त्याचा हात उचलून आपल्या बरगडीवर ठेवला. सदऱ्याच्या कापडातूनही गारवा लागला. वर, खूप वर, तिचं काळीज संथ चाललं होतं. "पण अर्ध्यावर कसं सोडू? मी पाय काढून घेतले की ते पुन्हा एकटं."

"आणि मी?" सावुत म्हणाला. हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की अंगणातलं गाढव दचकलं. "मी कुणाच्या पायाशी पाय लावून झोपू?"

हेल्चेमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली, नाही जाणार म्हणून. सावुतने अंधार पडायच्या आत जाऊन खड्डा बुजवला, वाळू दोनदा खालवर केली आणि बापाचं नाव घेऊन माफी मागितली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तळघरात त्याने तिचा हात मनगटापाशी धरून ठेवला होता. तरी डोळा लागलाच. जाग आली तेव्हा मुठीत तिच्या सदऱ्याची बाही होती, रिकामी. सदरा अंथरुणावर पडला होता. तिला तो काढायला त्याची मूठ सोडवावी लागली नव्हती.

बाहेर दुपार पांढरीफटक पडली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. सावुत धावत सुटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तो, टेकडीवर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले.

बुजवलेल्या जागी हेल्चेम बसली होती. छातीपर्यंत वाळूत. आजूबाजूची वाळू वाऱ्याने सारवल्यासारखी सपाट, फावड्याचा ओरखडा नाही, हाताचा नाही. तिला कुणी गाडलं ते दिसत नव्हतं. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात तिचे ओठ निळे पडले होते आणि दात किंचित वाजत होते. त्याला बघून ती हसली.

"रागावू नका," ती म्हणाली.

त्याने तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ती बोटभरसुद्धा हलली नाही. कुणी जोराने खेचत होतं असंही नाही. झोपलेल्या मुलाच्या मुठीतून पदर सोडवताना वाटतं तेवढाच, हलका, न सुटणारा धरलेला हात. सावुतने वाळू उपसायला सुरुवात केली. उपसलेली वाळू परत येत होती. त्याच्या हातांना फोड येऊन फुटले, त्याला ते कळलं नाही. मग त्याने उपसणं थांबवलं.

चाळीस वर्षं तो एकच काम शिकला होता, गारठलेल्याला ऊब द्यायची. तो तिच्या शेजारी पालथा पडला. गाल तापल्या वाळूवर चरचरला. त्याने दोन्ही हात तिच्या अंगालगत सरळ खाली घातले, मांडीपाशी, मुडपलेल्या गुडघ्यापाशी, स्वतःचे खांदे टेकेपर्यंत. आणि तिथे, तिच्या घोट्याभोवती, त्याला ती बोटं सापडली.

ती थरथरत होती. हेल्चेमने सांगितलं होतं तशीच, आतून, न थांबता. सावुत इतका घाबरला की त्याला ओरडावंसं वाटलं. पण त्याच्या तोंडून निघालं ते रोग्यांना म्हणायचा तेच. "असू दे, असू दे. भिऊ नकोस."

बोटं थांबली. मग त्याच्या हाताला चाचपू लागली. मनगट, तळवा, फुटलेले फोड. हुदाबेर्दीला सोडलं तसं सोडतील, सावुतला वाटलं. मी तो नव्हे, हे यांना कळेल.

"माझ्याकडे बघ," तो वाळूत तोंड घालून म्हणाला. "हिच्यात आता काही उरलं नाही. अठ्ठावन्न उन्हाळे माझ्या अंगात आहेत. लहानपणापासूनचे सगळे. हिला सोड, माझे घे."

किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं. उन्हाचा म्हणून एक आवाज असतो, तोही बंद झाला. मग वाळू एकदा खाली बसली, हेल्चेम कडेने मोकळी झाली आणि तिचं पाऊल वर आलं. टाचेवरून चार बोटांची टोकं निसटून आत जाताना सावुतला दिसली. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, नखं नीट कापलेली. लगेच वाळू मिटली.

हेल्चेम किंचाळली. "भाजलं! अहो, पाय भाजले माझे!" ती गडबडा लोळत होती, गुडघे धरून रडत होती. गुडघ्यांचा ठणका परत आला होता. कपाळावर घामाचा थेंब आला, मग दुसरा, मग तिचं सगळं अंग निथळू लागलं. इतकं सुंदर सावुतने उभ्या आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. तो हसला आणि रडला.

"चला," ती म्हणाली. गुडघ्यांवर रांगत ती त्याच्यापाशी आली, त्याच्या पाठीला हात लावला आणि दचकून मागे घेतला. मग दोन्ही हातांनी घट्ट त्याचा सदरा धरला. "चला, उठा आधी. मी ओढते. तुम्ही जोर लावा."

सावुतचे हात खांद्यापर्यंत वाळूत होते. तिने ओढलं. पुन्हा ओढलं. तिला कळलं की तो जोर लावत नाहीये.

"अहो!"

"थांब गं," सावुत म्हणाला. त्याचा आवाज मायेने भरून आला होता. "थोडा वेळ थांब. अजून कुडकुडतंय ते."